चिलमी कुठे ठेवायच्या?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात जा, बैठकीच्या खोलीत काचेचे एक कपाट हटकून दिसेल. त्याला आपण शोकेस म्हणतो आणि आपले कानडी शेजारीही शोकेसच म्हणतात. निदान या एका शब्दावरून तरी सीमाभागात कधी वाद झालेला नाही! त्या कपाटात मुलांनी शर्यतीत मिळवलेले कप असतात, गोव्याहून आणलेले शिंपल्यांचे जहाज असते, शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा असतो, कुणाच्या तरी लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला कपबशांचा संच असतो. सोसायटीच्या कर्जाची पावती तिथे कुणी ठेवत नाही. ज्या कोयत्याने घर चालवले तो कोयताही नाही. म्हणजे आपण कोण आहोत हे ते कपाट सांगत नाही. आपण कोण दिसावे असे आपल्याला वाटते, तेवढेच ते सांगते.

हा विचार एरवी मी केला नसता. पण काकतीच्या आमच्या घरात तीन मोठ्या चिलमी आणि एक गुडगुडी आली आणि त्यांच्यासाठी मांडणी कशी करावी, हा प्रश्न उभा राहिला. वरवर पाहता हा सुताराचा प्रश्न आहे. पण मला तो सुताराकडे सोपवता येईना.

या वस्तू माझ्या आईच्या वडिलांच्या. निपाणीजवळच्या एका खेड्यात त्यांची तंबाखूची शेती होती. आजोळच्या घराची वाटणी झाली तेव्हा भांडी, पाट, उखळ यांना धनी मिळाले. चिलमी कुणालाच नको होत्या, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. दोन मातीच्या, वीतभराहून लांब, धुराने काळ्याभोर झालेल्या. तिसरीही मातीचीच, पण ओबडधोबड, तोंडाशी टवका उडालेली. गुडगुडीचे भांडे पितळी आणि तिची लाकडी नळी चांगली अडीच फूट लांब. चिलमींच्या आत अडवणीचे खडे अजून आहेत. ओढताना खालच्या टोकाला गुंडाळायची ओली चिंधी, म्हणजे छापी, तेवढी काळाने नेली.

आधी सुताराचा भाग सांगतो, कारण त्यातही विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. चिलीम आडवी ठेवली तर घरंगळते. तिला भोके पाडलेल्या फळीत उभीच ठेवावी लागते, रुंद तोंड वर करून. लांब नळी एकाच खुंटीवर टेकवली तर पावसाळ्यात लाकूड दमट होऊन ती वाकते, म्हणून तिला दोन जागी आधार हवा. खोबणीला मऊ कापड लावलेले बरे. काचेच्या बंद कपाटात जुन्या तंबाखूचा वास कोंडतो आणि बेळगावकडच्या पावसात बुरशीही धरते, म्हणून हवा खेळती हवी. ऊन थेट नको. एवढे ठरले की आमचे सुतार म्हणतात, "सांगा, कुठं बसवायचं?" आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

कारण जागा ठरवणे म्हणजे त्या वस्तूविषयी मत देणे. शोकेसमध्ये कपांच्या शेजारी चिलमी ठेवल्या तर ती आमची कमाई, आमचे भूषण झाले. आजोबांच्या तसबिरीखाली ठेवल्या तर ती आठवण, जवळजवळ पूजाच. माळ्यावर पेटीत टाकल्या तर ती लाज. आणि मोडीत दिल्या तर विसरणे. घरात यावर रीतसर चर्चा झाली. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगणार? आमच्याकडे हे चालायचं म्हणून?" आमची सून गोकाकची. ती एवढेच म्हणाली, "मामा, देवर मनी हत्र इडब्याड्री." देवघराजवळ मात्र ठेवू नका. ठेवण्याला तिची हरकत नव्हती, जागेला होती. मला तिचे म्हणणे सगळ्यांत नेमके वाटले.

तंबाखूच्या नळीला मानाचे आसन देण्याची गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. असद बेग नावाचा अकबराचा सरदार विजापूरच्या आदिलशाहीत वकिलीला गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास ती बादशहासाठी नेली. त्याने स्वतःच लिहून ठेवलेल्या हकीकतीत तंबाखूपेक्षा नळीचेच कौतुक जास्त आहे. तीन हात लांबीची नळी, दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकाम, ओठांशी धरायला येमेनी अकीक. हे सारे चांदीच्या तबकात मांडलेले. नळी ठेवायला चांदीचे नळकांडे, त्यालाही जांभळ्या मखमलीचे आच्छादन. दरबारात ते तबक पाहूनच अकबराने हे काय, असे विचारले. त्याने दोन-तीन झुरके घेतले आणि हकिमाने त्याला थांबवले. अजून पारख न झालेली वस्तू आपण का घ्यावी, असा हकिमाचा सवाल होता. जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच होती, असे असद बेगाचे उत्तर. उत्तर बादशहाला आवडले. त्याने स्वतः व्यसन लावून घेतले नाही, पण उमरावांनी ते उचलले आणि व्यापारी तंबाखू विकू लागले. पुढे जहांगीराने १६१७ मध्ये बंदीचा हुकूम काढला, तोवर उशीर झाला होता.

या हकीकतीत मला नेहमी त्या तबकाचा विचार येतो. हकीम बोलत होता ते तंबाखूविषयी. पण दरबार पाहत होता ते तबक. नुसती पाने पोत्यातून नेली असती तर बादशहाने बहुधा हकिमाचे ऐकून विषय संपवला असता. मखमलीने जे काम केले ते वादाने झाले नसते. मांडणी माणसाच्या विवेकाआधी त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचते. म्हणून मांडणारा माणूस, माझा काही हेतू नव्हता, असे म्हणून मोकळा होऊ शकत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग संग्रहालयांचे काय? पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात हुक्के आहेतच. बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदी जडवून केलेली हुक्क्याची भांडी लंडनच्या संग्रहालयात मानाने बसली आहेत. ती पाहून कुणी हुक्का ओढू लागला, असे मी ऐकलेले नाही. शिर्डीत साईबाबांच्या वापरातल्या वस्तूंमध्ये चिलमीही जपलेल्या आहेत आणि भाविक त्यांना हात जोडतात. ते हात धुराला नाही, ज्याने ती धरली त्याला जोडलेले असतात. हे मला मान्य आहे. पण संग्रहालयाची फळी परकी असते, ती वस्तूला आपले नाव देत नाही. आणि शिर्डीतली चिलीम ज्यांच्या हातातली होती त्यांची कहाणी प्रत्येक पाहणाऱ्याला ठाऊक असते. माझ्या घरातल्या फळीवर या दोन्ही गोष्टी नाहीत. तिथे फक्त एवढेच कळेल, की या घरात कधीकाळी ऐपत होती आणि बैठका रंगत.

बैठका रंगत, हे खरे आहे. पण त्या तीन चिलमींपैकी दोनच बैठकीच्या. आईने सांगितलेले आठवते, टवका उडालेली तिसरी चिलीम गोठ्याच्या कोनाड्यात असे. शेतावर राबायला येणाऱ्या, पण ओसरीवर न चढणाऱ्या माणसांसाठी ती वेगळी ठेवलेली. तंबाखू एकाच शेतातली, विस्तव एकाच चुलीतला, फक्त चिलीम वेगळी. माणसाला वाळीत टाकण्याला हुक्कापाणी बंद करणे असे म्हणतात ते उगाच नाही. चिलीम फिरते तिथवर आपली माणसे आणि ती थांबते तिथे परकी, असा तो हिशेब होता.

आता प्रश्न असा, की तिन्ही चिलमी एका फळीत, एका ओळीत लावायच्या का? पाहणाऱ्याला वाटेल, एका संचातल्याच आहेत. ज्या कधीही एका ओळीत आल्या नाहीत त्यांना मी शंभर वर्षांनी शेजारी उभे करीन आणि ती ओळ साफ खोटे बोलेल. बरे, तिसरी बाजूला काढावी, तर गोठ्याचा कोनाडा मीच पुन्हा बांधला असे होईल. न्याय करायला जावे तर इतिहास पुसला जातो आणि इतिहास जपावा तर अन्याय पुन्हा मांडला जातो. एका भोक पाडलेल्या फळीने माणसाला इतके अडवावे!

शिवाय त्या चिलमींना आणखीही माणसे चिकटलेली आहेत. तंबाखू आजोबांच्या शेतात पिकली, पण तिचा भाव वखारीत ठरे. त्या भावासाठी १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीचे शेतकरी शरद जोशी आणि सुभाष जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. तोच महामार्ग आमच्या काकतीवरून जातो. रोज त्याच्यावरून बेळगावला जाणाऱ्या किती जणांना हे आठवते, कोण जाणे. आणि वखारींच्या आत, तंबाखूच्या धुळीत तोंडाला पदर बांधून चाळण धरणाऱ्या बाया होत्या. त्या संघटित झाल्या. त्यांच्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. माझी एक मावशी अशाच एका वखारीत होती. तिने जन्मात चिलीम ओढली नाही. खोकला मात्र तिलाच जडला.

आजोबांना दोष द्यावा, असे मला वाटत नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल या इंग्रज संशोधकांनी १९५० मध्ये दाखवून दिला, तोवर आजोबांची उमेद सरली होती. मेलेल्या माणसाला आजच्या ज्ञानाने झोडपणे हा फार स्वस्त पराक्रम आहे. पण मला ते ज्ञान आहे. तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत माणसे तिच्यापायीच जातात आणि जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुकानात ठेवलेल्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर २०१६ पासून रोगाचे चित्र छापावे लागते. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ मध्ये हुक्क्यावर बंदीही आली. टपरीवाल्याच्या फळीने जेवढे खरे बोलावे असे कायदा सांगतो, तेवढे तरी माझ्या बैठकीतल्या फळीने बोलायला नको का?

इथे मला कानडीची मदत झाली. आपण तंबाखू म्हणतो तो शब्द पोर्तुगिजांकडून आला, त्याला आपल्या भाषेत अर्थ नाही. परक्या नावाआड वस्तू लपून राहते. कानडीत खास शब्द आहे होगेसोप्पु, म्हणजे धुराचा पाला. नाव घेताच धूर समोर येतो. दोन भाषांच्या घरात राहण्याचा हा एक फायदा आहे. एका भाषेत जे झाकले जाते ते दुसरीत उघडे पडते. मांडणी करायची तर ती होगेसोप्पुसारखी असावी, असे मला वाटू लागले.

काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्माचे माहेर. तिचा पुतळा कुठेही पाहा, हातात तलवार असते. राणीच्या आयुष्यात तलवारीखेरीज कितीतरी गोष्टी असतील, पण लोकांनी काय दाखवायचे ते निवडले, आणि त्यात गैर काही नाही. पुतळा हा चौकासाठी असतो. घराला मात्र तेवढी सूट नाही. घरातली पोरे आपल्या अंगाखांद्यावर वाढतात, त्यांना अर्धी गोष्ट देऊन भागत नाही.

तेव्हा मी ठरवले ते असे. फळी जांभळाच्या लाकडाची, साधी, बिनकाचेची, वर दिवा नाही. जागा ओसरीवरून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळातली, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. तिथे पाहुणा बसत नाही, घरचा माणूस जाता-येता थांबतो. देवघरापासून लांब, सुनेच्या शब्दाप्रमाणे. तिन्ही चिलमी एकाच ओळीत, टवक्याची बाजू पुढे करून, कारण तो टवका विचारायला लावतो, ही अशी का? त्याचे उत्तर द्यायला मी बांधील आहे. गुडगुडीची नळी दोन खुंट्यांवर. आणि शेवटच्या खुंटीवर मावशीची चाळण. तिच्या जाळीत अजूनही तपकिरी धूळ आहे, ती झटकायची नाही, असे सर्वांना सांगून ठेवले आहे.

यावर सुतार म्हणाले, "चाळण शोभत नाही हो तिथं." शोभत नाही हे खरेच. पण प्रत्येक घराकडे अशी एखादी वस्तू असते, जी टाकवत नाही आणि मिरवावीशीही वाटत नाही. कुणाकडे सावकारीची पेटी असेल, कुणाकडे शिकारीतले शिंग, कुणाकडे मानाची काठी. ती माळ्यावर सरकवण्याआधी किंवा काचेत बसवण्याआधी एवढेच पाहावे, की तिच्यासाठी ज्यांचा श्वास खर्ची पडला त्यांना त्या फळीवर जागा उरली आहे का? नसेल तर सुताराला थोडी लांब फळी आणायला सांगावी.