एकशे तीस किलोंचा संसार

बर्मिंगहॅमच्या एनईसी प्रदर्शन केंद्रात दर फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात कॅरॅव्हॅनची मोठी प्रदर्शनं भरतात. माणसं एका चाकांवरच्या घरातून उतरतात आणि शेजारच्या घरात चढतात. कुणी गादीवर बसून बघतं, कुणी कपाटाची दारं उघडून बघतं. मुलं एव्हाना वरच्या बंकवर जाऊन बसलेली असतात आणि खाली यायला तयार नसतात. घर पसंत पडलं की विक्रेता एक यादी पुढे करतो. कारखान्यातच बसवून मिळणाऱ्या जादा सोयींची ही यादी: छतावर सौर पॅनेल, एसी, अलार्म, मायक्रोवेव्ह, अरुंद अंगणात रिमोटने कॅरॅव्हॅन सरकवणारा मूव्हर. प्रत्येक सोयीपुढे एक रिकामा चौकोन. आवडलं तिथे खूण करायची.

नजर साहजिकच किमतीच्या रकान्यावर जाते. खरा हिशेब मात्र दाराशेजारी चिकटवलेल्या तळहाताएवढ्या पट्टीवर असतो. भरलेल्या कॅरॅव्हॅनचं जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा तिथे असतो. त्यातून कारखान्यातून निघतानाचं वजन वजा केलं की जे उरतं, तेवढ्यात कुटुंबाने आपला संसार बसवायचा. ही शिल्लक किमान किती हवी, यासाठी युरोपीय मानकात एक सूत्र आहे: जितक्या जणांची झोपायची सोय तितके दहा किलो, शरीराची लांबी जितके मीटर तितके दहा किलो, आणि वर तीस. चौघांची, सहा मीटर लांबीची कॅरॅव्हॅन घ्या. चाळीस, साठ आणि तीस, म्हणजे १३० किलो.

हा आकडा ऐकायला बरा वाटतो. मग मूव्हर बसतो आणि तीसेक किलो जातात. बॅटरीचे वीस-बावीस. दारापुढे उभारायच्या तंबूचे, म्हणजे ऑनिंगचे, आणखी वीस. छतावरच्या एसीचे तीस. चौघांचे कपडे, अंथरुणं, भांडी, खुर्च्या, शिधा आणि पावसाळी बूट यांच्यासाठी आता तीस किलोसुद्धा उरलेले नाहीत, आणि अजून कुणी सुटकेसही उघडलेली नाही. एसीच्या चौकोनात खूण करताना आपण कुणाची तरी खुर्ची घरी ठेवतो आहोत, हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात येत नाही.

मराठीत तांदूळ ‘निवडतात’. सुपात तांदूळ घेऊन बसलेली बाई चांगला दाणा उचलून बाजूला ठेवत बसत नाही. ती खडा शोधते, तो फेकते आणि उरतो त्याचा भात करते. दुकानातली निवड नेमकी उलट चालते, तिथे हवं ते उचलायचं असतं. दाराशेजारच्या पट्टीमुळे कॅरॅव्हॅनची यादी या दोन्ही प्रकारांत एकदमच सापडते. हात उचलत असतो आणि त्याच हाताने काहीतरी सुपाबाहेर जात असतं.

एनईसीपासून साधारण चाळीस मैलांवर लेस्टर शहर आहे. तिथल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत जैन मंदिर उभं राहिलं आणि १९८८ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. बाहेरून पांढरा संगमरवर, आत कोरीव खांब, आणि दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी अशा सगळ्यांची एकाच छताखाली सोय. प्रदर्शनातली यादी आणि हे मंदिर यांच्यामधलं अंतर तासाभराचंच आहे, पण कॅरॅव्हॅनच्या पट्टीवर मांडलेला प्रश्न या मंदिरातल्या परंपरेने फार पूर्वीच हाती घेतला होता. गृहस्थाने किती बाळगावं?

जैन साधूला अपरिग्रह संपूर्ण पाळायचा असतो. दिगंबर मुनीजवळ मोरपिच्छी आणि कमंडलू सोडले तर फारसं काही नसतंच. गृहस्थाला हे जमणार नाही हे शास्त्रकारांना ठाऊक होतं, म्हणून श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं पाचवं व्रत आहे परिग्रह-परिमाण. शेत, घर, सोनं, धान्य, गुरं, भांडीकुंडी यांची मर्यादा आपली आपण ठरवायची आणि त्या मर्यादेच्या आत सुखाने संसार करायचा. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांतून ‘महाराजांकडून नियम घेतला’ असं सहज बोललं जातं. व्रताची ही रीत तिथे पोथीपुरती राहिलेली नाही. यातला क्रम महत्त्वाचा आहे. रेघ आधी ओढायची, वस्तू नंतर. प्रदर्शनात वस्तू आधी येतात, आणि पट्टीवरची रेघ बहुतेकांना पैसे भरून झाल्यावर दिसते.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती किरकोळ नाही. दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही मान्य असलेलं उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून करतच नाही. तिथे परिग्रह म्हणजे मूर्च्छा, वस्तूत गुंतून भान हरपणं. असं असेल तर किलो मोजण्यात काय अर्थ आहे? दोन किलोच्या पेटीत जीव अडकलेला माणूस परिग्रही आणि दोन टनांची कॅरॅव्हॅन निर्लेपपणे ओढणारा मोकळा, असं म्हणता येईल. हा युक्तिवाद श्रीमंतांना नेहमीच आवडत आला आहे. सगळं बाळगूनही आपण कशातच नाही, हे म्हणायला फारसा खर्च येत नाही.

परंपरेने हा युक्तिवाद मान्य केला आणि तरीही मोजणी सोडली नाही. का सोडली नाही, ते बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांकडे गेल्यावर कळतं. गुजरातच्या कुमारपाल राजाचे हे मार्गदर्शक. त्यांच्या ‘योगशास्त्रा’त या व्रतातल्या पळवाटांची नोंद आहे, आणि ती वाचताना हसू आल्याशिवाय राहत नाही. एका माणसाने एकच शेत ठेवण्याचा नियम घेतलेला असतो. शेजारचं शेत मिळतं तेव्हा तो मधला बांध काढून टाकतो. शेत एकच राहिलं! भांड्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून दुसरा लहान भांडी मोडून मोठी घडवून घेतो. तिसऱ्याकडे धान्य मर्यादेबाहेर जातं, तेव्हा तो ते बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवतो आणि नियमाची मुदत संपायची वाट बघतो. चौथा सोनं तात्पुरतं कुणाच्या तरी हवाली करतो. आकडा शाबूत राहतो आणि मूर्च्छा मागच्या दाराने निसटते. व्रत घेतलेल्याला हे शोभत नाही, असा हेमचंद्रांचा निर्वाळा आहे.

कॅरॅव्हॅनवाल्यांना हे सगळे डाव तोंडपाठ असतात. वजन जास्त झालं की जड सामान पुढच्या मोटारीच्या डिकीत जातं. कायद्याने यात काही गैर नाही. मोटारीची स्वतःची मर्यादा ओलांडली जात नसेल तर जाणकारही हेच सुचवतात. धान्य शेजारी ठेवणाऱ्या श्रावकाची आठवण मात्र येतेच. बांध काढून टाकण्याचा आधुनिक अवतार तर यादीतच छापलेला असतो: वजनमर्यादा वाढवून घेणे. कित्येक मॉडेलांत सांगाडा, ॲक्सल आणि चाकं आहेत तीच राहतात. त्यांची क्षमता मुळातच जास्त असते, म्हणून ठरलेली फी भरली की दाराशेजारी मोठ्या आकड्याची नवी पट्टी लागते. ही फसवणूक नव्हे, आणि कुटुंबासाठी यादीतली सगळ्यांत शहाणी खूण बहुधा हीच असते. पण पन्नास किलो वाढल्याच्या आनंदात त्यातले तीस एसीला गेले, तर शेत एकच राहिलं एवढंच म्हणायचं.

कायद्याने तर रेघ आणखी दूर नेऊन ठेवली आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांवर ओढायच्या वजनाची बरीच बंधनं होती. १६ डिसेंबर २०२१ पासून ती उठली आणि त्यांनाही साडेतीन टनांपर्यंत ओढण्याची मुभा मिळाली. उरला तो जुन्या मंडळींचा सल्ला: भरलेली कॅरॅव्हॅन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये, नवख्याने तर नाहीच. मोटार १६०० किलोंची असेल तर कॅरॅव्हॅन १३६० किलोंपर्यंत. हे पाळलं नाही म्हणून कुणी दंड करत नाही. ज्याचा त्याने पाळायचा नियम आहे हा, अणुव्रताच्याच जातीचा.

या छंदाची सुरुवात काही साधेपणातून झालेली नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारातून निवृत्त झालेल्या शल्यविशारदाचं बिऱ्हाड ओढायला दोन घोडे लागत. मुलांसाठी साहसकथा लिहिणाऱ्या या गृहस्थाने १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्याकडून महोगनी लाकडाची ‘वाँडरर’ बांधून घेतली. भरल्यावर वजन सुमारे दोन टन. सोबत गाडीवान, आणि पुढचा रस्ता कसा आहे ते बघायला तीन चाकी सायकलवरून जाणारा नोकर. मुक्त भटकंतीची ही कल्पना नोकरांच्या हिमतीवर उभी होती, हे इंग्लंडातल्या कॅरॅव्हॅनच्या कौतुकात सहसा मागे पडतं.

जर्मनीतली सुरुवात वेगळी आणि जास्त लोभस. इस्नी गावच्या अरिस्ट डेथलेफ्स यांचा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा कारखाना होता. विक्रीसाठी त्यांना सतत फिरावं लागे. त्यांच्या वाग्दत्त वधूला, फ्रिडेल एडेलमान यांना, सोबत राहायचं होतं, आणि त्या चित्रकार असल्यामुळे चित्रं काढायलाही जागा हवी होती. १९३१ मध्ये अरिस्ट यांनी मोटारीमागे ओढायची राहती खोली तयार केली. तिच्या मागणीपत्रात जणू एकच चौकोन होता आणि त्यात खूण केलेली होती.

आजच्या कुटुंबाची पंचाईत अशी की आपला तो एक चौकोन कुठला, हे त्याला अजून ठाऊक नसतं. अमेरिकी तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच पेच मांडला. काही अनुभव अनुभवणाऱ्यालाच बदलून टाकतात, मग आजच्या आवडीच्या जोरावर उद्याच्या वेगळ्या माणसासाठी निवड करायची तरी कशी? त्यांनी मूल होण्यासारखे मोठे निर्णय विचारात घेतले होते. कॅरॅव्हॅनची ऑर्डर त्यामानाने किरकोळ, पण तिची जातकुळी तीच. सहा वर्षांच्या मुलाला वरचा बंक म्हणजे किल्ला वाटतो. चौदाव्या वर्षी तोच मुलगा बाहेर ऑनिंगमध्ये झोपायचं म्हणून हटून बसतो. हिवाळ्यातही फिरू, असं प्रदर्शनात छातीठोकपणे सांगणारे आईवडील पहिल्याच नोव्हेंबरात घरी परततात, किंवा नेमके हिवाळ्याच्याच प्रेमात पडतात.

जैन गृहस्थाच्या रिवाजात यावर एक तोड सापडते. परिग्रह-परिमाण दीर्घकाळाचं, पण त्याच्या जोडीला श्वेतांबर परंपरेत रोजचे चौदा नियमही आहेत. आज किती पदार्थ खाईन, किती वस्त्रं वापरीन, कुठल्या दिशेला किती दूर जाईन, हे सकाळी ठरवायचं, त्या दिवसापुरतं. या चौदांत वाहन आहे आणि शयनही आहे. कॅरॅव्हॅन एका फटक्यात दोन नियमांत बसते. काही रेघा दीर्घकाळासाठी आणि बाकीच्या रोज नव्याने, अशी ही वाटणी. कारखान्याच्या यादीवरही ती करता येते. खोल्यांची मांडणी, बंक, सांगाड्याची वजनक्षमता, जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवणारी उष्णता-व्यवस्था, या गोष्टी नंतर बदलायच्या म्हटल्या तर अर्धं घर उसकटावं लागतं. त्यांचा निर्णय आजच व्हायला हवा. सौर पॅनेल, मूव्हर, अलार्म, टीव्हीचा अँटेना पुढच्या वर्षीही बसतात. विक्रेता म्हणतो, सगळं एकदाच करून टाका, स्वस्त पडेल. स्वस्त पडतही असेल. पण एक उन्हाळा काढून झाल्यावर जो माणूस परत येईल, त्याच्यासाठी दोन-चार चौकोन रिकामे ठेवलेले बरे.

एक चौकोन मात्र या सगळ्या विचाराबाहेरचा आहे. महामार्गावर उतार लागतो, शेजारून लॉरी भरधाव जाते, मागच्या भागात जड सामान असतं, आणि कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डावी-उजवीकडे झुलू लागते. हेलकावे वाढत गेले की सावरणं चालकाच्या हातात राहत नाही. हे हेलकावे ओळखून कॅरॅव्हॅनचे ब्रेक आपोआप लावणारं एक उपकरण मिळतं. वजन अवघं काही किलो. ते घ्यावं की नाही हा प्रश्न अपरिग्रहाच्या खात्यात जातच नाही. शेजारच्या लेनमध्ये दुसऱ्या कुणाची मुलं असतात, म्हणून तो पहिल्या व्रताचा, अहिंसेचा प्रश्न आहे. आणि तसं पाहिलं तर दाराशेजारची पट्टीही त्याच खात्यात जाते. तिच्यावरचा आकडा आपल्या मनःशांतीसाठी लिहिलेला नाही.

एप्रिलमधल्या एखाद्या शनिवारी सकाळी लेस्टरच्या कुठल्याही गल्लीत हा सगळा विचार अंगणात उतरलेला दिसेल. न्हाणीघरातला वजनकाटा फरशीवर आणून ठेवलेला असतो. वडील एकेक पिशवी हातात घेऊन त्यावर उभे राहतात, आई आकडे लिहून घेते आणि त्यातून वडिलांचं वजन वजा करते. पुस्तकांची पिशवी नऊ किलो भरते. मुलगी दोन पुस्तकं काढते, एक परत आत घालते. कुकर न्यायचा की नुसतं पातेलं, यावर चर्चा होते आणि कुकर जिंकतो. यादीच्या तळाशी बेरीज मारताना आईला दिसतं की वडिलांचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा चार किलोंनी पुढे गेला आहे. त्याची चिंता नाही. माणसांचं वजन या हिशेबात धरत नाहीत, ती मोटारीत बसतात.