उंदराचं ताट

आमच्याकडं "उंदराला काय घातलं?" असं कुणी विचारलं, तर त्याचा अर्थ एकच होतो. औषध घातलं का? विषाला औषध म्हणायची आमची रीत जुनी आहे. फवारायचं औषध, तणाचं औषध, उंदराचं औषध. पुडीवर कवटी छापलेली असली तरी दुकानदार औषधच म्हणतो आणि आम्हीही तेच मागतो. बरं करणाऱ्याला आणि मारणाऱ्याला एकच शब्द का, हे बघायला पेरणी-काढणीच्या गडबडीत कुणाला सवड आहे?

मला ती सवड काढावी लागली, ती नातीमुळं. ती पुण्याला असते, अकरा वर्षांची आहे. तिनं दोन उंदीर पाळलेत. एक सगळा पांढरा, त्याचं नाव कापूस. दुसऱ्याचं डोकं तेवढं काळं, त्याचं नाव तीळ. दोन का, तर उंदराला एकट्यानं करमत नाही, जोडीनं ठेवावा लागतो. आमच्या मंडळींनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "इकडं आजा उंदीर मारतोय, आन् तिकडं नात त्यास्नी भरवतीया," म्हणाल्या.

मंडळी चेष्टेनं बोलल्या, पण मला ते लागून राहिलं. एका घरात एकाच जातीच्या जिवाला दोन ताटं वाढली जातात. मग यात खोटं ताट कोणतं?

आधी नातीचं ताट सांगतो. सुरुवातीला घरातले सगळेच त्या उंदरांचे लाड करायचे. कुणी बिस्कीट दिलं, कुणी फरसाण, कुणी चिवड्यातले शेंगदाणे. चार महिन्यांत दोघं गोल झाले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे बंद करा, साधं घरचं अन्न द्या. मग पोरीनं वही केली आणि मला फोन लावला, "आबा, ज्वारी पाठवा."

आता दर दोन महिन्यांनी मी एक कापडी पिशवी भरून देतो. त्यात ज्वारी, थोडी बाजरी, मूग, मसूर. मोठ्या उंदराला दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, म्हणजे जेमतेम अर्धी मूठ. डाळ-कडधान्य शिजवून द्यायचं. कच्चा राजमा तर अजिबात नाही, तो त्यांना बाधतो. हिरवा पडलेला, मोड आलेला बटाटा नाही. चॉकलेट नाही, तळलेलं-खारवलेलं नाही. गाजराचा काप, काकडी, पालेभाजीचं एखादं पान रोज. आठवड्यातून उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा. नुसत्या धान्यावर जनावर नीट राहत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं विकतचं खाद्यही त्यात थोडं असतं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडायला वाळल्या भाकरीचा कडक पापुद्रा किंवा लाकडाचा तुकडा लागतो. आणि पाणी कायम भरलेलं.

एक गंमत तिनं सांगितली. ताटलीत सगळं मिसळून ठेवलं की ते आधी सूर्यफुलाच्या बिया शोधून खातात आणि ज्वारी तशीच ठेवतात. ताटली भरलेली दिसते, पण पोषण झालेलं नसतं. म्हणून पहिलं संपल्याशिवाय दुसरं घालायचं नाही. मी म्हटलं, बाई गं, हे तुझ्या बापाला लहानपणी लागू होतं. लाड करणाऱ्याला वाटतं आपण जेवू घालतोय. लाडात देणाऱ्याचं मन भरतं, खाणाऱ्याचं पोट बिघडतं. जेवू घालायचं म्हणजे त्याला काय मानवतं ते बघायचं आणि त्याच्या आवडीला थोडं आडवं जायचं.

आता माझं ताट. उंदीर फार वाढले की शेतात झिंक फॉस्फाइड वापरतात. काळपट भुकटी असते, लसणासारखा वास येतो. ती धान्याच्या भरड्यात गोडेतेल लावून कालवतात. पण ती लगेच ठेवून भागत नाही. उंदीर संशयी असतो. नवीन वस्तू दिसली की तिला वळसा घालतो, एखादा कण चाखतो आणि थांबतो. पोटात काही बिघडलं तर त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवायचा. विष नाही, काही नाही. तो खाऊन सरावला की मग त्यात भुकटी मिसळायची.

हा संशय त्याला उगाच मिळालेला नाही. उंदराला ओकता येत नाही. कुत्रं, मांजर, माणूस यांना वाईट पोटात गेलं तर परत टाकता येतं. उंदराला ती सोय नाही. एकदा गिळलं की गिळलं. म्हणून निसर्गानं त्याला ओकारीच्या जागी संशय दिला.

नातीच्या पांढऱ्या उंदरांत हा संशय फारच थोडा उरलाय. त्यांचे वाडवडील दीडशे वर्षांच्या आसपास माणसाच्या हातचं खात आलेत, काही प्रयोगशाळेत, काही हौशी लोकांच्या घरात. तिनं तळहातावर काही धरलं की ते येतात आणि खातात. ओकता येत नाही ते नाहीच, वर संशयही गेला. म्हणजे त्यांच्या आणि वाईट अन्नाच्या मधे आता एकच गोष्ट उभी आहे, त्या पोरीचा हात.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी आली, तेव्हा शेजारच्या शिवारात भरडा कालवायचं चाललं होतं. तिनं बघितलं आणि मला विचारलं, "आबा, हे तर आपण कापसाला देतो तसंच आहे ना? दोन दिवस चांगलं द्यायचं आणि तिसऱ्या दिवशी विष?" मी हो म्हटलं. ती रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, "मग दोन दिवस त्यांना काय वाटत असेल?"

गावात प्रत्येकाकडं याचं उत्तर तयार आहे. एक म्हणतो, पांढरा गणपतीचा आणि काळा चोर. पण गणपतीपुढचा दगडी उंदीर कुठल्या रंगाचा, हे कुणी बघितलंय? त्याच्या कानात नवस सांगताना आपण रंग विचारत नाही. राजस्थानात बिकानेरजवळ देशनोकला करणीमातेचं मंदिर आहे. तिथले हजारो उंदीर बहुतेक काळे-करडेच आहेत. त्यांना दूध आणि लाडू मिळतात, त्यांनी उष्टावलेला प्रसाद लोक भक्तीनं खातात. म्हणजे रंगानं काही ठरत नाही.

दुसरा म्हणतो, उंदीर म्हणजे रोग. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यानं तो भोगला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना 10 मार्च 1897 ला गेल्या. आमच्याकडंही जुनी माणसं सांगायची, घरात मेलेला उंदीर दिसला की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या. लेप्टोचा ताप आजही आहे. भरल्या घरात उंदीर फिरू द्यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. आणि शाळू पोटरीत आल्यावर रात्रीतून ताटं कापून आडवी पडलेली ज्यानं बघितलीत, त्याला उंदराच्या दयेवर कुणी प्रवचन देऊ नये.

पण उंदीर आणि आम्ही, कोण कुणाचं खातं हा हिशेब सरळ नाही. 1972 च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेली आमची पिढी. ज्यांच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं त्यांच्या शिवारात चार कणसं आली होती. काढणी झाल्यावर आई आम्हाला घेऊन बांधावरची बिळं उकरायला जायची. उंदीर कणसं तोडून आत कोठार भरतो. एकेका बिळात शेर-दोन शेर दाणे निघायचे. ते धुऊन, वाळवून, दळून आम्ही खाल्ले. त्या वर्षी उंदरानं आम्हाला जेवू घातलं म्हणायला हरकत नाही, जरी त्यानं ते आपखुशीनं दिलं नव्हतं. आई निघताना एक मूठ दाणे बिळाच्या तोंडाशी ठेवायची. शेजारीण म्हणायची, "येडी हाईस का? पुन्हा पिकात येत्याल." आई म्हणायची, "येऊ देत. आपुन बी आलोय न्हवं त्याच्या घरात."

हीच आई घरातला उंदीर पिंजऱ्यात सापडला की तो पाण्यात बुडवायची. तिला यात काही विसंगत वाटत नसे. लहानपणी मला ते समजलं नव्हतं. आता वाटतं, तिच्या मनात हिशेब साफ होता. लढाईला ती लढाई म्हणायची आणि घासाला घास. ती दोन्हींची सरमिसळ करत नव्हती.

माझं मत त्याच वाटेनं जातं. ताट खरं की खोटं, हे उंदराच्या रंगावर ठरत नाही, दारावर ठरतं. नातीनं पिंजऱ्याचं दार लावलंय. आतला जीव स्वतः जाऊन दाणा शोधू शकत नाही, म्हणून त्याच्या ताटातला प्रत्येक कण तिच्यावर कर्ज आहे. शेतातल्या उंदराला चार पाय आहेत, शिवार मोकळं आहे, आणि त्याचा संशय शाबूत आहे. त्याच्याशी माझी लढाई आहे, त्याला जेवू घालायचा करार मी केलेला नाही. म्हणून मी बांध तासतो, तण काढतो, बिळं उकरतो, सापळे लावतो. घुबडं बसावीत म्हणून रानात उंच काठ्या रोवतो. एवढ्यानं आवरलं नाही आणि सगळं गाव मिळून करायचं ठरलं, तर भरडाही ठेवतो. मेलेले उंदीर खोल पुरतो, नाहीतर घुबड आणि कुत्रं फुकट मरतं.

पण भरडा मी यादीत शेवटी ठेवतो आणि त्याचं कारण पोरीच्या प्रश्नात आहे. सापळ्यात निदान तो आपल्या हावेनं येतो. भऱड्यात पहिले दोन दिवस आपण त्याचा संशय काढून घेत असतो. लढाईत आपण घास वापरतो, आणि घास हे लढाईचं हत्यार नव्हे. गरज पडली तर ते करावं लागतं, मी करतो. मात्र त्याला 'उंदराला घातलं' असं म्हणत नाही. विष ठेवलं, म्हणतो. नातीलाही तसंच सांगितलं.

इथंच थांबलो असतो, पण पोरीनं आणखी एक प्रश्न विचारलेला आहे. पहिली पिशवी पाठवली तेव्हा तिनं फोनवर विचारलं होतं, "आबा, या ज्वारीवर औषध मारलंय का?" घरची ज्वारी आम्ही कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवतो, तीच पाठवली होती, तसं सांगितलं. फोन ठेवल्यावर जाणवलं, इतक्या वर्षांत बाजारात माल घालताना हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. दाणा कसा भरलाय, रंग कसा आहे, ओल किती, एवढंच विचारतात. उंदरासाठी जो प्रश्न निघाला तो माणसासाठी निघत नाही.

विकायच्या धान्याला कीड लागू नये म्हणून लोक गोळ्या ठेवतात. त्या गोळीतून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. झिंक फॉस्फाइड उंदराच्या पोटात गेल्यावर निघतो तोही तोच. भाजीवर फवारल्यावर किती दिवस तोडायची नाही, हे डब्यावर लिहिलेलं असतं. मी ते पाळतो. पण मी पाळलं की नाही हे शहरातल्या गिऱ्हाइकाला कळायचा काय मार्ग? तो तिसऱ्या मजल्यावर दार लावून राहतो. शेत त्याच्या नजरेत नाही. पुडक्यात आलं ते शिजवतो आणि पोराच्या ताटात वाढतो. त्याचाही संशय गेलाय. नातीच्या हातावर कापूस येतो, तसा तो आमच्या हातावर आलेला आहे. आणि थोडं थोडं करून रोज पोटात जातं ते माणसालाही ओकता येत नाही.

म्हणून मला वाटतं, अन्न पिकवणाऱ्यानं स्वतःला त्या अकरा वर्षांच्या पोरीच्या जागी बघावं. तिची वही आपल्यालाही लागू आहे: काय दिलं, किती दिलं, काय द्यायचं नाही. खाणाऱ्यानं विचारलं नाही तरी सांगायचं.

यंदा शाळू विकायला काढला, तेव्हा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी न विचारता सांगितलं, की या पोत्यांत गोळ्या ठेवल्या होत्या, अमुक दिवशी काढल्या, घरी नेऊन चाळा, उन्हा-वाऱ्यात पसरा आणि मगच दळा. तो म्हणाला, "असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं हो." मग थोडं थांबून म्हणाला, "म्हणजे किलोमागं दोन रुपये कमी करा की." भाव मी कमी केला नाही. त्यानं चार पोती घेतली आणि टेम्पोत बसता बसता पुन्हा विचारलं, किती दिवस पसरायचं म्हणालात?