बिल निघायच्या आधीचे चार दिवस

कनेरगाव नाका,
ता. जि. हिंगोली

चि. भाचेबुवांस,

मालवाहू गाडीसाठीचं तुझं कर्ज अडल्याचं ताईकडून कळलं. बँकेच्या साहेबांनी ‘सिबिल कमी आहे’ एवढंच सांगितलं आणि तू भडकलास. एकही हप्ता थकवला नाही, क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला मुदतीच्या आत पुरं भरतो, मग कमी कसं? राग रास्त आहे. पण तू पाठवलेला अहवाल मी चष्मा लावून सावकाश वाचला. कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये आणि त्यापुढे बाकी ४२,००० रुपये. घोडं तिथंच अडलंय.

मी जन्मभर हिंगोलीच्या मोंढ्यात मुनीमकी केली. अडत्या माणसाला वर्षभर बघायचा. मृगात बियाण्याला उचल घेणारा गडी सोयाबीन निघालं की निम्मं आणि हळद विकली की उरलेलं फेडतो, हे त्याला तोंडपाठ असायचं. त्यामुळे श्रावणात वहीवर बाकी कितीही फुगली तरी त्याची झोप उडत नसे. सिबिलवाल्यांना तू दिसत नाहीस, तुझं दुकान दिसत नाही, गल्ला दिसत नाही. त्यांना बँकेनं पाठवलेला आकडा दिसतो, तोही ठरावीक दिवसाचा.

तू एकच तारीख ध्यानात ठेवतोस, पैसे भरण्याची. तिच्याआधी साधारण अठरा-वीस दिवस दुसरी तारीख येऊन जाते, बिल तयार होण्याची. त्या दिवशी कार्डावर जी बाकी असते तीच बहुधा पुढं कळवली जाते. वाशीमच्या होलसेलवाल्याला तू क्यूआर कोडवर कार्डानं पैसे देतोस, माल भरतोस, बिल ४२,००० चं निघतं, आणि मग तू ते प्रामाणिकपणे फेडतोस. फेडलंस हे नोंदतंच, ते कामाला येतंच. पण कळवण्याच्या दिवशी तू मर्यादेच्या ८४ टक्के कर्जात असतोस, आणि गणित करणारं यंत्र म्हणतं, या माणसाची ओढाताण चाललीय.

हे वापराचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आत असावं असं सगळे सांगतात. तो कायदा नाही, ठोकताळा आहे. ३१ टक्के झाले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण ८४ म्हणजे फारच झालं. तेव्हा बिल निघायच्या चार दिवस आधी ३०,००० भरून टाक. पैसे तेच, तुझ्याच गल्ल्यातले, फक्त आधी. बिल निघेल १२,००० चं, म्हणजे २४ टक्के. उरलेले बारा नेहमीप्रमाणे मुदतीत. हातात रोकड खेळती ठेवावी लागते हे दुकानदाराला मी काय सांगू? पण गाडीच्या अर्जाआधीचे दोन-तीन महिने तरी एवढं कर. २०२५ च्या जानेवारीपासून बँकांना दर पंधरवड्याला तरी माहिती कळवावीच लागते, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. तुझ्या अहवालातही कुठल्या तारखेपर्यंतची माहिती आहे ते छापलेलं असतं. ती तारीख आणि बिलाची तारीख ताडून बघ.

दुसरा रस्ता मर्यादा वाढवून घेण्याचा. आकडा तोच पण वजन वेगळं, हा हिशेब आपल्या नाक्याला नवा नाही. निजामाच्या काळी पैनगंगेच्या अलीकडं हाली शिक्का चालायचा आणि पलीकडं वऱ्हाडात इंग्रजांचा कळदार रुपया. शंभर रुपये म्हटलं की हाली का कळदार, हे आधी विचारावं लागे, कारण हालीचा भाव कमी. तसेच तुझे ४२,०००. पन्नास हजारांच्या कार्डावर ते ८४ टक्के आणि दोन लाखांच्या कार्डावर २१. बँक आपणहून मर्यादा वाढवते म्हणाली तर नाही म्हणू नकोस. मात्र वाढलेली मर्यादा म्हणजे वाढलेली कमाई समजणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्यात जाऊ नकोस. आणि मर्यादा हवी म्हणून एकाच महिन्यात चार बँकांकडं नव्या कार्डाचे अर्ज टाकू नकोस. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते आणि माणूस पैशाला हपापलेला दिसतो. आपला अहवाल आपणच पाहिला तर मात्र गुण कमी होत नाहीत. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ३०० ते ९०० मधला आकडा बघून थांबू नकोस, आतली पानं वाच. चुकीची नोंद सापडली तर लेखी तक्रार कर. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे.

आता माझ्या मनातली खरी धास्ती सांगतो. वापराचं प्रमाण महिन्या-दोन महिन्यांत सावरतं. सावरत नाही ते ‘किमान रक्कम’ भरणाऱ्याचं. बिलावर ‘किमान देय २,१००’ असं छापलेलं दिसतं आणि माणसाला हायसं वाटतं. हिशेब कर. ४२,००० मधले २,१०० भरले, राहिले ३९,९००. महिना साडेतीन टक्के धर, व्याज साधारण १,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, अडीचशे. म्हणजे २,१०० गेले आणि साडेसोळाशे परत चढले, मुद्दल कमी झालं साडेचारशेनं! शिवाय बाकी पुढं ओढली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. गावात महिना शेकडा तीननं पैसे उचलणाऱ्याची आपण कीव करतो. चकचकीत कार्डाचा दर बहुधा त्याच्याही वर असतो. २००८ साली ग्राहक आयोगानं वर्षाला ३० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तेव्हा त्या दारानं कुणी वाचवायला येणार नाही.

आणि दाजींचं पीककर्ज नवं-जुनं करायच्या वेळी चार दिवसांपुरते पैसे लागतात म्हणून कार्डावर एटीएममधून रोकड काढायचा विचार चालल्याचं ताई म्हणाली. तो सोड. रोकडीला बिनव्याजी दिवस नसतातच, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू, वर काढण्याचं शुल्क वेगळं. दाजींचं किसान क्रेडिट कार्ड नावानंच कार्ड आहे, आतून ते पीककर्ज आहे. वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंत चार टक्क्यांनी पडतं. चार टक्क्यांचं कर्ज वाचवायला चाळीस टक्क्यांचं घ्यायचं, ह्याला मोंढ्यात काय म्हणतात ते पत्रात लिहिता येत नाही. त्यांचं कर्ज तुझ्या अहवालात येत नाही, तू जामीन किंवा सहकर्जदार असशील तरच येईल. कागदावर सही केली होतीस का, आठवून बघ.

जुनं कार्ड बंद करायचं म्हणत होतास. वार्षिक शुल्क नसेल तर राहू दे, त्याची मर्यादा तुझ्या बाजूनं मोजली जाते. शुल्क टोचत असेल तर खुशाल बंद कर, पण बाकी शून्य करून, अर्ज देऊन, पोच घेऊन. बाकी नसेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायला हवं.

तर कार्डाच्या बिलाची तारीख बघ आणि तिच्या चार दिवस आधीची खूण दुकानातल्या कॅलेंडरवर कर. सोयाबीनचा हंगाम आहे, गल्ला भरलेला असेल, या महिन्यापासूनच सुरुवात कर. दोन बिलं २५ टक्क्यांच्या आत निघाली की नवा अहवाल काढून मला पाठव. मग गाडीचा अर्ज कर, आणि एकाच बँकेत कर.

तुझा,
मामा