गमतीचें गाणें आणि गाणारा

एखाद्या गायकाचें नांव एका गमतीच्या गाण्याशीं कायमचें जोडलें गेलें, तर त्याची योग्यता उणी होते काय? आनंद शिंदे यांच्यासंबंधीं हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार येतो. १९८० च्या दशकांत ध्वनिफिती घरोघर झाल्या, आणि त्यांचें पोपटाचें गाणें लग्नमांडवापासून एस्. टी.च्या थांब्यापर्यंत जाऊन पोहोंचलें. पुढें २००६ सालीं ‘जत्रा’ चित्रपटांत वैशाली सामंत यांच्यासह त्यांनीं कोंबडीचें गाणें म्हटलें. तीच चाल अजय-अतुल यांनीं २०१२ मध्यें हिंदी ‘अग्निपथ’साठीं पुन्हां योजिली.

सुशिक्षित मंडळी या गाण्यांवर ताल धरतात, आणि घरीं परतल्यावर त्यांस थिल्लर म्हणतात. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. विठ्ठलाच्या गीतांनीं महाराष्ट्रास परिचित झालेले प्रल्हाद शिंदे हे त्यांचे वडील. आणि पित्याप्रमाणेंच पुत्रानेंही बाबासाहेबांचीं गीतें गाइलीं. भीमजयंतीस ज्या आवाजानें ऊर भरून येतो, तोच आवाज वरातींत हंसवितो. गळा हलक्या शब्दांसाठीं खर्चूं नये, असें कोणी म्हणेल. शब्द हलके असतील. पण तो खडा, पहाडी स्वर हलका कसा?

आमच्या औशास नाथ संस्थानाचें चक्री भजन आहे. तेथें भजनी गिरक्या घेत गातात. त्या गिरकीस कोणी थिल्लर म्हणत नाहीं. कारण ऐकणारा तेथें मन सांवरून बसलेला असतो. वरातींत तो तसा नसतो, आणि आपल्या त्या अवस्थेचें खापर मात्र गाणाऱ्याच्या माथीं फोडतो.