चौथ्या वाशापासून

देवरुखकडच्या एका गावात चौपाखी घराचं जुनं छप्पर उतरवून नवं चढवायचं काम चाललं होतं. मे संपत आलेला. मृग लागायच्या आत कौलं चढली नाहीत तर उघड्या भिंती भिजणार, म्हणून घरमालक दिवसातून दोनदा येऊन आभाळाकडे बघून जाई.

कामाचे मेस्त्री आबा. त्यांच्या हाताखाली नाना. हात कसबी, तोंड त्याहून तयार. आणखी दोन कारागीर, आणि सगळ्यांत धाकटा बारक्या. वासे आखून कापायचं काम त्याच्याकडे होतं. पुढच्या पाख्याला किंजळीचे १६ वासे. आडवं अंतर ८ फूट, तुळईपासून आढ्याची उंची ६ फूट, म्हणजे आढ्यापासून तुळईवरच्या खाचेपर्यंत वासा बरोबर १० फूट. खाली वळचणीला आणखी २. पायथागोरसचं नाव न ऐकलेल्या सुतारालाही हे आकडे तोंडपाठ असतात. पहिला वासा आबांनी स्वतः कापला, त्याच्या डोक्याला गेरू फासला आणि म्हणाले, "हा नमुना. सगळे यावरूनच आख. कापलेल्यावरून दुसरा आखायचा नाही."

का नाही, ते सांगितलं नाही. आपल्याकडे शिकवणं म्हणजे 'कर' म्हणणं. कारण विचारणारा पोरगा आगाऊ ठरतो.

दुसरा आणि तिसरा वासा नमुन्यावरून झाला. जेवून येऊन बारक्या बघतो तर नमुना जाग्यावर नाही. विचारायचं तर नानाला. मागच्या साली एका पोरानं पटाशीची धार घालवली, तेव्हा नानानं भर अंगणात त्याचा जो उद्धार केला, तो बारक्याच्या कानांत अजून होता. त्यानं तिसरा वासा ओढला आणि त्यावरून चौथा आखला. चौथ्यावरून पाचवा.

पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. करवत तिच्या बाहेरून चालली की लाकूड अर्धं सूत जास्त राहतं. अर्धं सूत म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा. नुसत्या डोळ्याला कळत नाही. पण इथे प्रत्येक वासा आधीच्याची चूक पदरात घेऊन वर स्वतःची भर घालत होता. सोळाव्याला साडेसहा सूत झाली. वासे रचताना टोकं मागेपुढे दिसली आणि बारक्याच्या पोटात गोळा आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं वळचणीकडची टोकं एका रेषेत कापून टाकली. रास सुरेख दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी वासे चढले. काही नीट बसले. काही आढ्याला टेकवले की खाच तुळई सोडून बोटभर बाहेर जाई. नाना परांचीवरून गरजला, "कोणी कापलेत हे? कोण आहे तो?"

वासे कापणारा एकच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी बोललं नाही. बारक्या मान खाली घालून खिळे निवडत बसला.

आबा जवळ आले. "नाना, असे किती आहेत?"

"आधी कोणी केलं ते..."

"ते मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. किती, ते सांग."

नानाला सांगता येईना. वर नेताना वासे सरमिसळ झाले होते. सगळे उतरवून मोजायचे तर अर्धा दिवस गेला असता. आकडा सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि नानाच्या प्रश्नानं नेमकं त्याचंच तोंड शिवलं होतं.

आबा बारक्याशेजारी उकिडवे बसले. "कितव्यापासून?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "चौथ्यापासून."

"ओळखायचे कसे?"

"खाचेत आकडे घातलेत. पेन्सिलीनं."

"टोकं कापलीस?"

"हो."

"न कापता आला असतास तर डोक्याकडून जादा तेवढं छाटून सगळे बसवले असते. एक वासा गेला नसता. आता डोकं छाटलं की वळचण तोकडी." आबांनी तिथंच हिशेब केला. अकराव्यापर्यंतची तूट अर्ध्या इंचापर्यंतच; वळचणीची दोरी तेवढी आत घेतली की भागत होतं. बारा ते सोळा बाद. पण चौपाखी घराला कोनवाशाकडे जाताना वासे आखूड होत जातात, तिकडे हे पाच लागणार होते. नवे पाच वखारीतून आणायचे. पैसा फार नव्हता, पण दिवस गेला, आणि तोही मेअखेरचा.

"नमुना कुठाय?"

बारक्या बोलला नाही, पण त्याची नजर वर गेली. आढ्याला टेकलेल्या पहिल्याच वाशाच्या डोक्यावर गेरू होता. उंची ताडून बघायला नानानंच तो जेवणाच्या वेळी वर नेला होता आणि तिथंच ठेवला होता.

"मग मला विचारायचं ना!" नाना म्हणाला.

"तुला?" आबा एवढंच बोलले.

आबांनाही यातून सुटका नाही. संध्याकाळी त्यांनी सोळावा वासा नमुन्याला लावून बारक्याला अर्ध्या सुताची साडेसहा सूत कशी झाली ते दाखवलं; हे पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत झालं असतं. नव्या पाच वाशांची आखणी मात्र त्यांनी बारक्यालाच दिली, आणि नानाला शेजारी उभं केलं, तोंड न उघडण्याच्या अटीवर. दोघांत शिक्षा कुणाला जड गेली, हे सांगायला नको.

मग रिपा आल्या. गावठी नळ्यांना अंतर थोडं इकडेतिकडे चालतं. मंगळुरी कौलांचं तसं नाही. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं साच्यातून निघतात. रिपांचं अंतर चुकलं की कौलाला कौल धरत नाही आणि पाणी सरळ माजघरात. म्हणून बारक्या दर रिपेला कौल ठेवून बघत होता. दुपारच्या उन्हात एकदा विसरला. पुढच्या वेळी कौल ठेवलं तेव्हा ध्यानात आलं, आणि तो वरूनच ओरडला, "नाना, थांबा! रिपांचं अंतर चुकलंय!"

नानाचं तोंड सवयीनं उघडलं. "को..." एवढं बाहेर पडलं. मग त्यानं आवंढा गिळला.

"किती रिपा?"

"दोन."

"काढ. खिळे वाकवू नकोस, परत लागतील."