आलं का? आलं... गेलं!

टाळेबंदी लागून चौथा दिवस होता. २८ मार्च २०२०. दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं आणि आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप गटाला एकदम कंठ फुटला. एरवी तिथे वाढदिवस, निधनवार्ता आणि वाडीच्या सातबाऱ्यावरून चालणारी धुसफूस, एवढंच असतं. त्या दिवशी कुणीतरी लिहिलं, ‘अरुण गोविल माझ्यासाठी राम नंतर, आधी विक्रम.’ मग काय विचारता. ‘विक्रम और बेताल’ १९८५चं. ‘रामायण’ सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी रामानंद सागरांनीच काढलेलं. राजाच्या पाठीवर लटकणारा, पांढऱ्या केसांचा, खिदळणारा वेताळ म्हणजे सज्जन नावाचे जुने नट. आम्ही सगळी भावंडं तेव्हा सहा ते चौदा वर्षांच्या मधली. तासाभरात शंभरेक संदेश पडले. ओटीवरचा शटरचा टीव्ही, आजोबांचा झोपाळा, खाली अंथरलेलं जाजम, उकडलेल्या शेंगांचा टोप, वेताळ उडाला की आत्याच्या पदरात शिरणारी धाकटी.

इंग्लंडमध्ये असलेल्या चुलतबहिणीने तिकडची हकिगत लिहिली. तिच्या सासरी दर डिसेंबरात ‘द बॉक्स ऑफ डिलाइट्स’ ही बीबीसीची जुनी मालिका लावतात. १९८४ची, मुलांसाठीची, जादूच्या पेटीची गोष्ट. भाग सहाच, आणि शेवटचा नाताळच्या आदल्या संध्याकाळी पाहायचा, कारण तो मुळात त्याच संध्याकाळी दाखवला गेला होता. पन्नाशीची माणसं पांघरूण घेऊन बसतात आणि आता कुणालाही खोटी वाटतील अशी त्यातली दृश्यं पाहून त्यांचे डोळे भरून येतात. ‘आपला वेताळ तसाच,’ असं तिने लिहिलं होतं, खाली तीन बदाम.

मीही बदाम टाकला. मग एक वाक्य टाइप केलं आणि खोडलं. ते वाक्य असं होतं: ‘अँटेना कोण फिरवायचं, आठवतंय का?’

आमचं घर अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अष्टागरातल्या एका गावात. नारळी-पोफळीची वाडी, कौलारू घर, मागे पुळण. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत टीव्ही दिसायला ऐंशीचं दशक अर्धं सरावं लागलं. आमच्याकडे तसं नव्हतं. मुंबई केंद्र १९७२च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि मुंबई आम्हाला समुद्रापलीकडे. रस्त्याने लांब, पाण्यावरून जवळ. त्यामुळे आमच्या पट्ट्यातल्या अँटेना मुंबईकडे, उत्तरेला तोंड करून उभ्या असायच्या. चित्र यायचं, पण टिकायचं नाही. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजायचे, कावळे आडव्या काठीवर बसायचे, वारा फिरला की पडद्यावर मुंग्या. मग एकाने कौलांवर चढायचं, एकाने अंगणात उभं राहायचं आणि एकाने ओटीवरून ओरडायचं. ‘आलं का?’ ‘आलं... आलं... गेलं! मागे घे! हां, सोडू नको!’

कौलांवर चढायचा तो वाडीत शिपणं करणाऱ्या आमच्या गड्याचा मुलगा. माझ्याच वयाचा. बापाबरोबर पोफळीवर चढून-उतरून त्याचे पाय असे झाले होते की कौल न वाजवता तो आढ्यापर्यंत जायचा. चित्र स्थिर झालं की कधी त्याला खाली बोलवायचे, कधी म्हणायचे थांब तिथेच, हात काढलास की जातंय. बोलावलं तर तो पडवीच्या खिडकीशी यायचा आणि बाहेरून, गजांतून पाहायचा. ओटीवर त्याची जागा नव्हती. तसं कुणी कधी बोलून दाखवलं नाही, दाखवावं लागलं नाही. थांबायला सांगितलं तर तो वरच. म्हणजे आम्हाला वेताळ दिसायचा तेव्हा ज्याच्यामुळे दिसायचा त्याला दिसत नसे.

आता पुढचं.

एका शनिवारी दुपारी घर झोपलं असताना मी फणसावरून कौलांवर चढलो. कारण साधं होतं. आदल्या रविवारी आजोबा त्याला ‘पोरगं माकडासारखं चढतं’ म्हणाले होते आणि त्यांच्या स्वरात कौतुक होतं. मला तसलं कौतुक कधी मिळालं नव्हतं. मी अँटेनाची काठी धरून पिळली आणि एक नळी माझ्या हातात आली. बोल्ट कुजलेला. ती मी तशीच खाचेत टेकवून ठेवली आणि खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या, तो वर गेला, त्याने हात लावला आणि नळी निसटून घरंगळत अंगणात पडली. तिच्यामागे चार कौलं. आजोबांनी त्याला खाली बोलावलं आणि कानशिलात दिली. तो काही बोलला नाही. नळीकडे बघत राहिला. मी जाजमावर होतो, शेंगेचं टरफल हातात. मीही काही बोललो नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही. अलिबागहून माणूस आणून आजोबांनी नवी अँटेना आणि बूस्टर बसवून घेतला. चित्र इतकं स्वच्छ यायला लागलं की त्याची आठवण यायचं कुणाला कारणच उरलं नाही.

वेताळ राजाला दर गोष्टीनंतर प्रश्न विचारतो. अट सगळ्यांना ठाऊक आहे: उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील आणि बोललास तर मी परत झाडावर. या गोष्टी फार जुन्या. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्या ‘कथासरित्सागरा’त घेतल्या, तेव्हाही जुन्याच होत्या. त्यात राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची नगरी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. मालिका पाहताना हे माहीत असतं तर आम्ही आणखी चेकाळलो असतो.

त्यातली एक गोष्ट मी मोठेपणी वाचली. एक ब्राह्मण भिक्षेचं अन्न घेऊन झाडाखाली येतो, ते ठेवून हातपाय धुवायला जातो. वर फांदीवर घार बसलेली, तिच्या पायांत साप. मरणाऱ्या सापाच्या तोंडातून विष गळतं ते नेमकं अन्नात. ब्राह्मण जेवतो आणि मरतो. पाप कुणाला? सापाला, घारीला की अन्न देणाऱ्या नवरा-बायकोला? राजा म्हणतो, साप परस्वाधीन होता, घार आपलं भक्ष्य खात होती, त्या दोघांनी दान केलं. पाप त्याला, जो विचार न करता यांच्यातल्या कुणाला दोषी म्हणेल.

या उत्तराने मी काही वर्षं आजोबांना दोषी धरून मोकळा झालो होतो. विचार न करता बोट दाखवणारे तेच की. मग लक्षात आलं, त्या गोष्टीत झाडाखालची खरी हकिगत माहीत असलेला कुणीच नाही. आमच्या अंगणात होता. आणि डोक्याची शकलं काही झाली नाहीत. शेंगा खाल्ल्या, पुढचा भाग पाहिला. वेताळाची अट खरी असती तर जगात किती डोकी शाबूत राहिली असती, हा एक वेगळा विषय.

मला प्रश्न पडतो तो स्मरणरंजनाचा. शब्दच बघा. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द एका आजारासाठी बनवला. घरापासून दूर राहिलेली माणसं झुरतात, खंगतात, त्यासाठी. दोन ग्रीक शब्द जोडले: घरी परतणं आणि वेदना. आपण मराठीत त्याच्यासाठी जो शब्द रुळवला त्यात स्मरण आहे आणि रंजन आहे. वेदना दाराबाहेर. कुणी जाणूनबुजून केलं असं म्हणत नाही, पण आमच्या गटावर तेव्हा जे चाललं होतं त्याला मराठी शब्दच चपखल बसत होता.

यात वाईट काय, असं मी स्वतःलाच विचारून पाहिलं. माणसं घरात कोंडलेली, बाहेर रोज मरणाचे आकडे. अशा वेळी पस्तीस वर्षांपूर्वीच्या रविवारी जाऊन दोन घटका बसली तर कुणाचं काय जातं? आठवण म्हणजे काही साक्षीदाराचा जबाब नव्हे. सगळं सांगितलंच पाहिजे अशी सक्ती कशी करणार? माझ्या थोरल्या चुलतभावाला फोन करून मी ती शनिवारची गोष्ट सांगितली तेव्हा तो हेच म्हणाला, पण वेगळ्या रागाने. ‘आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. त्याच्या वह्या-पुस्तकांचे पैसे तेच भरायचे, ते नाही का सांगत? मेलेल्या माणसाने आपली बाजू कुठे मांडायची?’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वह्यांचे पैसे आजोबाच भरत. थप्पडही त्यांनीच मारली होती, आणि ती माझी होती.

तरी मला वाटतं, कुणाचं काही जात नाही हे खरं नाही. ती आठवण आमच्या एकट्यांच्या मालकीची नव्हती. तिच्यातलं चित्र कुणाच्या तरी हातातून येत होतं. तेव्हा त्याला खिडकीबाहेर ठेवलं आणि आता आठवणीतूनही गाळला, तर ती दुसरी खेप होते. पहिल्या खेपेला आम्ही मुलं होतो. कोण कुठे बसणार हे आम्ही ठरवलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेले.

अर्थात यातही एक मेख आहे आणि ती मला फार सुखाची नाही. पश्चात्ताप हीसुद्धा एक गोड गोष्ट असते. मी हे असं लिहितो तेव्हा त्या अंगणात नायक कोण होतो? मीच. तो मुलगा पुन्हा वरच, कौलांवर, माझ्या सद्सद्विवेकाचं चित्र स्थिर धरून. भावंडं शेंगा खात रमली, मी अपराध चघळत रमलो. फरक असलाच तर चवीचा. हे उमजल्यावर मी लिहायचं सोडून दिलं होतं. गटावरही काही टाकलं नाही. अजून टाकलेलं नाही.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. मला जायला जूनची अखेर उजाडली. वाडी ओळखू येईना. पोफळी मधोमध मोडलेल्या, नारळ मुळासकट आडवे, अर्धं छप्पर उघडं आणि आढ्याजवळ त्या जुन्या अँटेनाचा पाइप मात्र वाकून तसाच उभा. वीज अजून नव्हती. तोडणीला जे चौघे आले होते त्यात तो होता. मधल्या काळात मी त्याला पाचसहा वेळा पाहिलं असेल, ‘काय, बरं आहे ना’ इतपत. तो मला अजून ‘तुम्ही’ म्हणतो, मी त्याला ‘तू’. आम्ही एका वर्षाचे.

पाइपाकडे बघून तोच हसला. ‘त्याची काठी मोडली होती ना माझ्या हातून? आजोबांनी काय ठेवून दिली होती!’

‘तुझ्या हातून’ हे त्याने सहज म्हटलं. पस्तीस वर्षं तो तसंच समजून होता. माझ्या गप्प बसण्याने एक आठवण नुसती गळाली असं मी धरून चाललो होतो. इथे ती दुसऱ्याच्या डोक्यात नीट रुजून बसली होती, खोटी.

मी सांगितलं. शनिवारची दुपार, फणस, कुजलेला बोल्ट, सगळं. त्याने कोयता ओंडक्यावर टेकवला.

‘तुम्ही?’

‘मी.’

‘म्हणजे चार कौलांचे पैशे बापाच्या मजुरीतून कापले, ते...’ एवढं बोलून तो थांबला. कौलांच्या पैशांचं मला माहीतच नव्हतं. आमच्या घरात कुणाच्या तोंडून ते कधी आलं नव्हतं. मी माफी मागितली. ती त्याने घेतली की नाही कळलं नाही. तो म्हणाला, ‘बाप तर गेला.’ मग थोडं थांबून, ‘घरी जाऊन त्याने पण हाणला होता मला.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाकीचे तिघे पलीकडे दोर ओढत होते. पैशांचं काही करता येईल का, असं मी विचारलं आणि विचारताक्षणीच ते बोलणं माझं मलाच कसंतरी वाटलं. त्याने उत्तर दिलं नाही. कोयता उचलला, दोन घाव घातले, मग म्हणाला, ‘त्या वेताळाचं शेवटी काय झालं ओ? मी नंतर बघितलाच नाय.’

मी सांगायला लागलो. दर वेळी राजा उत्तर देतो आणि दर वेळी मागे फिरून मसणातलं झाड गाठतो. शेवटच्या गोष्टीत एक बाप आणि त्याचा मुलगा एका मायलेकींशी लग्न करतात, पण बापाची बायको होते लेक आणि मुलाची होते आई. वेताळ विचारतो, यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही. तो गप्प चालत राहतो. खरंच माहीत नसतं म्हणून गप्प. मी सांगत होतो, तो घाव घालत होता. त्याची माझ्याकडे पाठ होती, ऐकतोय की नाही ते दिसत नव्हतं. मी थांबलो.

न वळता तो म्हणाला, ‘मग?’