वाकळीच्या कोपऱ्यातलं नाव

अकोल्यातल्या प्रेसिंगमधून रुईची गाठ बाहेर पडते ती कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घेऊनच. १९२५ च्या कायद्याने हे बंधनकारक केलं. भेसळ निघाली तर गाठ कोणत्या प्रेसची हे कळावं म्हणून. पुढे कापड झालं की ताग्याच्या टोकाला गिरणीचा छाप येतो. त्या कापडाचं लुगडं विरतं, वऱ्हाडातली बाई त्याचे थर लावते, धावदोऱ्याने भरते आणि वाकळ होते. आमच्याकडे वाकय म्हणतात. खुणा इथेच थांबतात. दुपारमागून दुपार बसून जिने टाके घातले, तिचा मागमूस नसतो.

नाव घालायची आपल्याला हौस नाही असं नाही. लग्नातल्या स्टीलच्या डब्यावर देणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं, बहुधा कर्त्या पुरुषाचं. बाजारातून आणलेल्या डब्याला नाव आणि हाताने शिवलेल्या वाकळीला नाही, हे मला पटत नाही.

आजीला एकदा म्हटलं होतं, वाकळीवर नाव घाल. ती म्हणाली, “नाव कायले टाकतं? घरातल्यायले मालूम हाये ना कोनं शिवली ते!” तेव्हा ते खरंच होतं. आता एक वाकळ माझ्याकडे आहे, दोन अमरावतीला भावाकडे; त्यातली एक आजीची की मोठ्या आत्याची, यावर आमचं जमत नाही. सांगणारं कोणी उरलेलं नाही.

कोणी म्हणेल, निनावी राहण्यातही मोठेपण असतं. शेंडगावचे डेबूजी चिंध्या जोडलेलं वस्त्र पांघरून फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, गाडगेबाबा म्हणत. पण स्वतःचं नाव त्यांनी आपणहून मागे टाकलं. आजीला स्वतःचं नाव ठेवायचं की सोडायचं हे कोणी विचारलंच नव्हतं. तिचं माहेरचं नाव लग्नाच्या दिवशी गेलं आणि ताटातल्या तांदळात अंगठीने नवं लिहिलं गेलं. मग वाकळीच्या कोपऱ्यात नावाची पट्टी लावायची तर तिच्यावर कोणतं घालायचं? मला वाटतं, दोन्ही. सोबत गाव, वर्ष, आणि आत कोणाकोणाची लुगडी आहेत तेही.

पट्टी जुन्या सुती कापडाची घ्यावी, आधी धुऊन, म्हणजे नंतर आटत नाही. शाई धुण्यात फिकी पडते. पेन्सिलीने अक्षरं काढून पक्क्या रंगाच्या दोऱ्याने उलटी टीप घालावी. वेलांट्या-उकारांना साखळी टाक्यापेक्षा ती बरी वळते. पट्टीच्या दोन कडा वाकळीच्या किनारीत घ्याव्यात, उसवायची म्हटलं तर किनारच उसवावी लागेल अशा.

वाकळ झिजली की तिच्यावर नवं लुगडं चढतं आणि जुना थर आत जातो. चढवणारीने आपली पट्टी वरून लावावी. आधीची काढू नये, असेल तिथेच आत राहू द्यावी.